लिहिलेलं आहे का?

लेकीच्या बाप्तिस्म्याला पाकिटं आली, चांदीचे वाळे आले आणि बायबलच्या गोष्टींची पाच पुस्तकं आली. पाचांतली चार इंग्रजी. त्यातही दोन अगदी एकच, एक माझ्या मावशीकडून आणि एक नवऱ्याच्या आत्याकडून. लेक तेव्हा सहा महिन्यांची. पुस्तकं कपाटावर गेली आणि पुढची दीड-दोन वर्षं मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आमच्या घराबद्दल एक आधी सांगून टाकते. मी नगरची, प्रॉटेस्टंट. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण घरात अजून नगरच.) नवरा वसईचा, कॅथलिक. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, तो विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं होतं. पोरीसाठी पुस्तक निवडायला बसलो तेव्हा कळलं की माझ्या आईच्या बायबलात ६६ पुस्तकं आहेत आणि सासूबाईंच्या बायबलात ७३. आईचा 'वधस्तंभ', सासूबाईंचा 'क्रूस'. आम्ही राहतो पुण्यात, दोघींपासूनही लांब, त्यामुळे निवाडा आमच्याकडे.

सुरुवात झाली ती जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकापासून. लेक दोन वर्षांची होती आणि पुस्तकाचे कोपरे चावायची. नोहाच्या तारवाची, म्हणजे महापुरातून वाचवणाऱ्या मोठ्या जहाजाची गोष्ट. खिडकीतून मान काढलेले जिराफ, वर इंद्रधनुष्य, गुलाबी गालांचा हसरा नोहा. वर्षभर आम्ही ते पुस्तक म्हणजे प्राण्यांची उजळणी म्हणून वापरलं. हत्ती कुठंय, माकड कुठंय, कुत्रं कुठंय. कुत्रं नव्हतंच त्यात. यावरून ती दर वेळी नाराज व्हायची.

तीन वर्षांची झाल्यावर एका रात्री तिने निळ्या पाण्यावर बोट ठेवून विचारलं, "बाकीची माणसं कुठं गेली?" चित्रात कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "पाण्यात गेली." तिने तारवाच्या डेकवरची मोकळी जागा दाखवली. "इथं जागा आहे ना. घ्यायचं ना त्यांना." मी दिवा बंद केला, झोपेची वेळ झाली म्हणून. वेळ झाली नव्हती.

ती झोपल्यावर मी मराठी बायबल काढून त्यातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, सहावा अध्याय उघडला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण वाचून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. पाऊस ४० दिवस, पण पाणी १५० दिवस. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट आहे, जी आमच्या कपाटावरच्या पाचही पुस्तकांतून गायब होती: माणसाला घडवल्याचं देवाला वाईट वाटलं, त्याच्या मनाला खेद झाला. पुठ्ठ्याच्या पुस्तकातला देव रागावलेलाही नाही आणि दुःखीही नाही. तो फक्त पाऊस पाडतो आणि मग इंद्रधनुष्य काढतो, रंगपेटी हातात आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट पुन्हा सांगितली. देवाला फार वाईट वाटलं होतं, असं म्हटलं. तिने लगेच विचारलं, "रडला?"

"ते लिहिलेलं नाही."

हे उत्तर माझ्या तोंडून सहज गेलं, पण ते तिला इतकं आवडलं की पुढे आमच्या वाचनाचा तोच नियम झाला. लिहिलेलं आहे का? एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं का? लिहिलेलं नाही, नुसतं 'फळ' आहे. येशूबाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते का? लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या. पुस्तकात एक चित्र आणि मांडीवर खरं बायबल, अशी आमची बैठक ठरली. चार वर्षांच्या मुलीला बायबलाचा पानभर उतारा वाचून दाखवायला नाही, तर तिने विचारलं की मला शोधता यावं म्हणून.

मग नीट पुस्तक आणायला दुकानात गेले. तिथे दोन तास गेले माझे. मराठीत मुलांसाठी मिळणारी बरीच पुस्तकं परदेशी पुस्तकांची भाषांतरं असतात. चित्रं सगळीकडे तीच, काळ्या अक्षरांचा मजकूर तेवढा भाषेप्रमाणे बदललेला. त्यात वाईट काही नाही, रंगीत छपाई अशाने परवडते. वाईट असतं ते मराठी. "देव आनंदी होता नोहाबरोबर, जो एक चांगला माणूस होता." हे मोठ्याने वाचून बघा. मी दुकानातच पुटपुटत वाचत होते, काउंटरवरचे काका दोनदा येऊन "काही हवंय का?" विचारून गेले. पण झोपताना जे मोठ्याने वाचायचं, ते मोठ्याने वाचूनच घ्यायला नको का?

गंमत म्हणजे ज्यांच्या भाषेला आपण जुनी, जड म्हणतो त्यांना ही काळजी होती. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घातली. साध्या बाईमाणसाला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा ध्यास. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघालं.

दुकानातल्या त्या दिवसापासून मी पुस्तक चाळायला घेतलं की आधी योनाच्या गोष्टीचं शेवटचं पान उघडते. मासा सगळ्यांकडे असतो. देवाने निनवे शहरात जायला सांगितलं तर योना पळाला, वादळ आलं, माशाने गिळलं, तीन दिवस तीन रात्री, बाहेर पडला, निनवेला गेला, संपलं. खाली चौकट: 'मुलांनो, आपण काय शिकलो? मोठ्यांचं ऐकावं.' मूळ गोष्ट मात्र तिथे संपतच नाही. निनवेचे लोक सुधारतात, देव त्यांना माफ करतो, आणि त्यावरून योना रुसून उन्हात जाऊन बसतो. इतका रुसतो की मेलो तर बरं म्हणतो. आणि शेवट एका प्रश्नावर होतो. देव विचारतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नको का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही. रुसून बसणाऱ्या मुलीच्या आईला ही गोष्ट अर्धी कापलेली कशी चालेल? ज्या पुस्तकात रुसलेला योना होता ते मी घेतलं, ४५० रुपयांना, आणि घरी आल्यावर त्यातल्या सगळ्या 'काय शिकलो' चौकटींवर खाकी कागद चिकटवला. नवरा म्हणाला, पुस्तक जप्त झाल्यासारखं दिसतंय.

नावांचा घोळ वेगळाच. शाळा इंग्रजी, संडेस्कूलही निम्मं इंग्रजी. तिकडे डेव्हिड आणि गोलायथ, घरी दावीद आणि त्याने दगडाने पाडलेला धिप्पाड गल्याथ. एकदा तिने गंभीरपणे विचारलं, "दगड मारणारे दोघं होते का?" तेव्हापासून घरात दावीद, योना, मोशे, पेत्र एवढंच. जेम्स म्हणजे याकोब हे मी अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळ येईल.

तर दावीद. नव्या पुस्तकात त्याच्या हातात चक्क बेचकी होती. दोन फाटे असलेली, रबर लावलेली! दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेलो तेव्हा लेकीने ते चित्र आप्पांना दाखवलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, चष्मा वर करून बघत राहिले. "ह्याने चिमणी मरायची न्हाई. दावीदाकडं गोफण होती, बाळा." आणि उठून पडवीतल्या खुंटीवरून वाखाची गोफण काढून आणली. आप्पांचं अर्धं लहानपण माळ्यावर उभं राहून जोंधळ्यावरची पाखरं हाकण्यात गेलेलं. रिकाम्या वावरात नेऊन त्यांनी आम्हाला बांधाच्या मागे उभं केलं, ओढ्यातला एक गोल गोटा गोफणीत घातला, डोक्यावरून दोन-तीन वेढे दिले आणि एक टोक सोडलं. गोटा दिसला नाही, नुसता आवाज आला. लेकीचं तोंड उघडंच राहिलं. मीही इतकी वर्षं 'गोफण' हा शब्द उपासनेत ऐकत आले होते, पण गल्याथ का पडला असेल हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. दावीदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे का निवडून घेतले, तेही. परत येईपर्यंत ती ओढ्यात 'पाच' शोधत बसली. (गल्याथाचं मुंडकं उडवल्याचं मी सांगितलं नाही. आप्पांनी सांगितलं. ती म्हणाली, "बरं.")

विहिरीजवळ आप्पांचं उंबराचं झाड आहे. इंग्रजी पुस्तकात जक्कय येशूला बघायला ज्यावर चढतो ते झाड पार्कातल्या झाडासारखं, उंच, सरळ, छान पानांचं. मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढतो. मला आधी वाटायचं, भाषांतर करणाऱ्यांनी आपल्याकडचं झाड घातलं असेल. पण नाही, तिकडचं ते झाडही अंजिराच्याच कुळातलं, उंबराचं सख्खं भावंड. त्यालाही फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेली असतात. म्हणजे चित्रापेक्षा शब्द जास्त खरा. आप्पांनी तिला पहिल्या फांदीवर बसवलं आणि खालून हाक मारली, "जक्कया, त्वरा करून खाली ये!" ती काही येईना. जक्कय जकातदार होता, म्हणजे काय हे मात्र तिला कळलं नाही. आमच्या लहानपणी गावाच्या वेशीवर जकातनाका असायचा, ट्रकची रांग असायची. शब्द समजावून सांगावाच लागला नव्हता. आता नाका गेला, शब्द पुस्तकात एकटाच राहिला. "लोकांकडून जास्त पैसे घ्यायचा आणि मग चौपट परत दिले," एवढ्यावर भागवलं.

परत येताना पुणे रस्त्याला लागायच्या आधी मेंढरं आडवी आली. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे निघतात, त्यातलाच एक. गाडी थांबवावी लागली. आमच्या पुस्तकातला चांगला मेंढपाळ पांढरा शुभ्र झगा घातलेला आहे, त्याच्या मेंढ्या शांपू केल्यासारख्या आणि मोजून सहा. इथे खांद्यावर घोंगडी टाकलेला, करपलेल्या चेहऱ्याचा माणूस, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि रस्ताभर मातकट मेंढरं. लेक खिडकीतून बघत होती. माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता तो मी त्यांना विचारला, "मामा, शंभरातलं एक हरवलं तर बाकीची नव्याण्णव सोडून जाता का शोधायला?" त्यांनी माझ्याकडे शहरी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "जावंच लागतंय की. रातचं लांडगं असत्यात."

"आणि नव्याण्णव?"

"त्यांच्यापशी कुत्री हायती की."

मागच्या सीटवरून किंकाळी आली. कुत्रा! गोष्टीत कुत्रा होता! ती रात्रभर तेच सांगत होती. लिहिलेलं नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या गोष्टीत मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून जातो, एवढंच आहे. पण ज्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्यांच्यातल्या मेंढपाळांना कुत्र्यांचं वेगळं सांगावं लागलं नसेल, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

हे सगळं इतकं छान जमत गेलं असं समजू नका. गुड फ्रायडेला घोळ घातलाच. लेक साडेचार वर्षांची. आमच्या पुस्तकात वधस्तंभाचं चित्र चांगलं आहे, लांबच्या टेकडीवर तीन बारीक काळ्या रेघा आणि खाली पाठमोरी उभी असलेली बायामाणसं. रक्त नाही, पण लपवाछपवीही नाही. मी ठरवलं होतं, शुक्रवारचं (येशू मरतो ते) आणि रविवारचं (तो पुन्हा जिवंत होतो ते) पान एकाच बैठकीत वाचायचं, मधे पुस्तक मिटायचं नाही. आणि नेमकी ती शुक्रवारच्या पानावर झोपली. मीही दमले होते, विसरले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रिक्षात, सहा पोरांच्या समोर, तिने विचारलं, "आई, येशू अजून मेलेलाच आहे का?" रिक्षावाले काका आरशातून बघायला लागले. मी उभ्या उभ्या, दप्तर तिच्या मांडीवर ठेवत, रिकाम्या कबरेची गोष्ट तीन वाक्यांत सांगितली. ती म्हणाली, "मग कालच सांगायचं ना."

अब्राहाम आणि इसहाकाच्या पानांना मी क्लिप लावली आहे. देव बापाला मुलाचा बळी द्यायला सांगतो, बाप लाकडं मुलाच्याच अंगावर देऊन डोंगर चढतो. शेवटी एडका सापडतो हे खरं, पण तोवरची वाट मला चार वर्षांच्या मुलीबरोबर चालता येत नाही. नवऱ्याचं म्हणणं, सगळं वाचतो तर हेही वाचू, गल्याथाचं मुंडकं चाललं ना? मुंडकं गल्याथाचं होतं. इथे प्रश्न बापाचा आहे, आणि तिचा बाप शेजारीच झोपतो. यावर आमचं अजून एकमत नाही. क्लिप आहे.

चित्रांचंही एक राहिलं. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू बघून तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं की येशू फॉरेनचा. मग मी तिला फोनवर आंजेलो दा फोन्सेकांची चित्रं दाखवली. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेला हा चित्रकार पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडी नेसलेली मरीया काढत होता, त्यासाठी त्याने बोलणीही खाल्ली. लेकीने बघितलं आणि म्हणाली, "ही वसईची आजी आहे." सासूबाईंना सांगितलं तर त्या फोनवर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्याच सासूबाईंनी मला मोठा धक्का दिला. मे महिन्यात वसईला गेलो होतो. रात्री पडवीत लेकीला त्या गोष्ट सांगत होत्या आणि मी आतून ऐकत होते. तोबीत नावाचा एक म्हातारा, अंगणात झोपलेला असताना चिमण्यांची घाण डोळ्यांत पडून आंधळा झालेला. (इथे लेक हसून लोळली.) त्याचा मुलगा तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो, सोबतीला एक तरुण मिळतो, तो असतो राफाएल देवदूत. नदीतून मोठा मासा अंगावर येतो. त्या माशाच्या पित्ताने पुढे बापाचे डोळे बरे होतात. मी ही गोष्ट आयुष्यात ऐकली नव्हती. आमच्या ६६ पुस्तकांत ती नाहीच, त्यांच्या ७३ मध्ये आहे. "आणि तोबियाचा कुत्रा पण त्यांच्याबरोबर निघाला," सासूबाई म्हणाल्या.

लेक उठून बसली. "लिहिलेलं आहे का?"

"लिहिलेलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "जाताना पण आहे आणि येताना पण."

ती धावत आत आली. "आई! लिहिलेलं आहे!" मी काय बोलणार. पुण्याला परत येताना पिशवीत एक कॅथलिक बायबल होतं. नगरला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्र्यासाठी?" थोडं थांबून म्हणाली, "वाच, वाच. मला पण सांग पुढं काय झालं ते."

या नाताळला वसईच्या घरी गोठा मांडला. गवत, लाल कागदाचा तारा, दिव्यांची माळ, सासूबाईंच्या लग्नातल्या जुन्या मातीच्या मूर्ती. गव्हाणीशेजारी बैल, गाढव, तीन मेंढ्या. आणि त्यांच्या मधोमध लेकीने आपला प्लास्टिकचा तपकिरी कुत्रा आणून ठेवला, मेंढ्यांपेक्षा दुप्पट मोठा. नवऱ्याची आत्या, तीच ती पुस्तक देणारी, दारातूनच म्हणाली, "अगं बाय, गोठ्यात कुत्रा कुठून आला? बायबलात कुठं लिहिलंय?"

लेक वळून म्हणाली, "गाढव पण नाही लिहिलेलं."

आत्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी लूकचा दुसरा अध्याय आठवून बघितला. बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, उतारशाळेत जागा नव्हती. गाढव नाही. बैलही नाही. सासूबाई काही न बोलता वाकल्या, कुत्रा उचलला, खालून जाणारी दिव्यांची वायर बाजूला केली आणि त्याला परत तिथेच ठेवलं.